गच्चीवरची टिटवी

टिटवी ओरडली आणि मला बरं वाटलं. सकाळची वेळ. नानांना कुशीवर वळवलं होतं, एका हातानं त्यांचा खांदा धरून दुसऱ्या हातानं ओल्या टॉवेलनं पाठ पुसत होते, आणि नेमकी डोक्यावर, गच्चीत, ती सुरू झाली. टिटिव, टिटिव, टिटिटिव. पोटात कधीपासून बसलेली गाठ एकदम सैल पडल्यासारखं झालं. चला, सुटलो एकदाचे, असं काहीतरी. शब्दसुद्धा नव्हते, नुसतं हुश्श. आणि लगेच लक्षात आलं, की हे हुश्श कशाचं आहे. हात जागच्या जागी थांबला. टॉवेलमधलं पाणी नानांच्या मणक्यावरून ओघळत चादरीत गेलं. "का थांबलीस?" नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले. पॅरालिसिसनंतर त्यांची जीभ जड झालीय, लोकांना कळत नाही, मला सगळं कळतं. "पाणी गार झालं," मी म्हणाले. मे महिना होता. नाहूरला मे महिन्यात नळालाच कढत पाणी येतं. 

आता ज्या घरात टिटवीला घाबरतात त्या घरात असं काही झालं असतं तर एक वेळ समजलं असतं. आमचं घर तसं नाही. आमच्या घरात मांजर आडवं जात नाही, ते फक्त जातं. नानांचं गाव जालन्याकडचं. तिथं टिटवी घरावरून ओरडत गेली की त्या घरातलं कोणीतरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. माझी आजी आजारी होती तेव्हा तिच्या जावेनं दारात उभं राहून टिटवीला दगड मारले होते, आणि तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या नानांनी तिच्या हातातला दगड काढून घेतला होता. "टिटवी तिच्या अंड्यांसाठी वरडायलीय, तुमच्या मढ्यासाठी नाही." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते मीच बोलले होते असं मला वाटतं. मुंबईत टेलिफोन खात्यात नोकरी लागली, भांडुपच्या चाळीत बिऱ्हाड केलं, पुढे नाहूरला हा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली, आणि ते वाक्यही त्यांच्याबरोबर खोलीखोलीतून फिरत आलं. पाहुणे आले की नाना ते सांगायचे. आई म्हणायची, "झालं यांचं टिटवीपुराण सुरू." आणि त्या माणसाच्या मुलीला, ग्रॅज्युएट, लॅबमध्ये वीस वर्षं काउंटर सांभाळलेल्या बाईला, टिटवी ओरडली म्हणून बरं वाटलं. शरम वाटायला हवी होती. वाटली. पण ती नंतर, आणि बरं वाटणं आधी. या क्रमाचं मी काय करू?

टिटवी आमच्याच गच्चीत आली ती माझ्यामुळे, हेही आहेच. आमचा मजला शेवटचा. गेल्या पावसात नानांच्या पलंगावर बरोबर छातीच्या जागी छत गळायचं. पलंग सरकवला तर ऑक्सिजनचं मशीन बसत नाही, मशीन सरकवलं तर व्हीलचेअर जात नाही. पलंगावर बादली ठेवायची आणि नानांना कडेला ढकलायचं, असा तो पाऊस काढला. मग मी आमच्या सेक्रेटरीच्या, देवेशच्या, मागे हात धुऊन लागले. देवेश चांगला मुलगा आहे, पण काम टाळण्यात पटाईत. शेवटी हिवाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. माणसं आली, जुना कोबा फोडला, विटांचे तुकडे आणि खडी पसरली, आणि ठेकेदार दुसऱ्या साइटवर जो गेला तो गेला. मिठागरांकडची मोकळी जागा पत्रे ठोकून बंद झालेली. टिटवीला वरून आमची गच्ची दिसली असणार, खडीचं माळरान. तिनं लगेच ताबा घेतला.

त्या सकाळी नानांना सरळ करून, उशा लावून, मी वर गेले. का गेले? बघायला, असं म्हणते. दार लोटलं तशी ती पाण्याच्या टाकीमागून पळत निघाली. आधी उडालीच नाही. मान खाली घालून चार पावलं पळायची, थांबायची, पुन्हा चार पावलं. लांब पिवळे पाय, अंगाच्या मानानं जास्तच लांब. पाठ तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोकं नि छाती मात्र काळी, आणि डोळ्यांपुढे लाल मांसाची चुणी. चोचही लाल, टोकाला काळी. नटलेली होती बाई. मग एकदम उडाली, पंखांचं काळं-पांढरं उलगडलं, आणि ओरडत सरळ माझ्या डोक्यावर आली. मी खाली बसले. दुसरी कुठूनशी आली, तीही ओरडायला लागली. नर-मादी दोघं अगदी सारखी, कोण कोण ते कळायला मार्ग नाही. अंडी मला दिसलीच नाहीत. खडीकडे बघत बसले तेव्हा कुठे चार खडे जरा जास्त गोल वाटले. मातकट, त्यावर काळे डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला. घरटं म्हणावं असं काही नाही. खडीत नुसता खळगा, कडेला विटांचे चार बारीक तुकडे. एवढ्या उघड्यावर कुणी अंडी घालतं का गं, असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले.

"चार अंडी आहेत," मी खाली येऊन सांगितलं. नानांचा चेहरा जो उजळला तो मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. एका बाजूनंच उजळतो आता, पण उजळला. "सातव्या मजल्यावर?" म्हणाले. "गावाकडं म्हणायचे, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात. मग औंदा तुझी मुंबई बुडतीय." आणि हसले. हसताना ठसका लागला, मी पाठीवर हात फिरवत राहिले, आणि हाताला त्यांची एकेक फासळी लागत होती. तेव्हापासून रोजचं सुरू झालं. डोळे उघडले की पहिला प्रश्न, "काय करायलीय ती?" औषध नंतर, चहा नंतर, आधी टिटवीची बातमी.

देवेश आला तो तक्रारी घेऊनच. ठेकेदार परत यायला तयार झाला होता, वरचा थर टाकायचा, मग आळं करून गच्चीत पाणी भरून ठेवायचं, गळतं का बघायचं, आणि हे सगळं पावसाच्या आत. त्यात लोक म्हणत होते ती टिटवी हाकला. त्याच्या मागोमाग समोरच्या फ्लॅटमधली कल्पिता आली. कल्पिता भांडुपच्या कोळीवाड्यातली, मार्केटात मासळीचा गाळा आहे तिचा, मनात एक नि ओठांवर एक असलं तिला जमत नाही. "काय गो रश्मी, कवापासून वरडतंय ती तुज्या डोक्यावर! आमची पुतळाबाय गेली तवा अशीच वरडत होती, तीन दिस. तुजा बापूस असा पडलेला घरात, नि तुला काय भ्या नाय?" मी ताठ उभी राहिले. मला माहीत होतं काय बोलायचं ते. "टिटवी तिच्या अंड्यांसाठी ओरडते, आपल्या मढ्यासाठी नाही," मी म्हणाले. "आणि देवेश, पिल्लं निघेपर्यंत काम थांबव. गळती माझ्या घरात आहे ना? मी सांगते, थांबव." देवेश बघतच राहिला. "मॅडम, मान गये," म्हणाला. "स्वतःच्या वडिलांच्या डोक्यावर गळतंय आणि तुम्ही पक्ष्याचा विचार करताय. अशी माणसं नाही राहिली आता." कल्पितानं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मान हलवत गेली. आतून नाना म्हणाले, "शाब्बास." जीभ जड असूनही शब्द स्वच्छ आला. तो शाब्बास अजून माझ्या अंगात रुतून बसलाय. कारण टिटवी तिथे राहायला मला हवी होती, ती अंड्यांसाठी नव्हे. ती ओरडायला हवी होती.

हे असं सरळ लिहिलं की मी कोणी राक्षसीण वाटते. तशी मी नाही. म्हणजे, मला माहीत नाही मी कशी आहे. नानांचं खाणंपिणं, हगणंमुतणं, पाठीची जखम, रात्रीत दोनदा कूस बदलणं, सगळं मी करते आणि नीट करते. अनिरुद्ध, माझा भाऊ, पुण्याहून डायपरची खोकी पाठवतो, एकदम वेळेवर, त्याला नावं ठेवायला जागा नाही. फोन करतो. "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." हो रे बाबा, राहा निर्धास्त. मी लॅब सोडली तेव्हा वाटलं होतं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. "थोडे दिवस" या शब्दांत काय दडलं होतं ते मी तेव्हा उघडून बघितलं नाही. आता घरात कुणी भेटायला आलं की जाताना दारात हळूच म्हणतात, "सुटले तर बरं, त्यांचेच हाल." त्यांचेच. प्रत्येक जण हे त्यांच्या नावावर खपवतो. मीही मान हलवते.

आणि मग मी वर जाऊ लागले. वाळत घातलेला टॉवेल आणायला. टाकीचं झाकण बघायला. वाऱ्यानं अँटेना हलली का बघायला, ती कुणाच्या उपयोगाची नाही तरी. मी दार लोटलं की ती ओरडायचीच. तिला दुसरं काय माहीत? ती घिरट्या घालायची, अंगावर यायची, कधी पंख मोडल्यासारखी लंगडत टाकीपलीकडे जायची, मला अंड्यांपासून लांब न्यायला. मला तिच्या अंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मी दारातच उभी राहायची आणि ऐकायची. टिटिव, टिटिव. खाली नानांच्या खोलीत ते जात असणार हे मला ठाऊक होतं. अपशकुन आपण घडवून आणला तर तो लागू होतो का, असला प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि मी तो हसून झटकलाही नाही. शकुन-अपशकुन न मानणाऱ्या घरातली मीच एक असेन, जी अपशकुन हातानं करायला रोज दोन जिने चढत होती. खाली आले की आधी नानांकडे बघायची. मग स्वतःचाच राग यायचा, मग त्यांच्यावर वस्सकन ओरडायची, "किती वेळा सांगितलं, पाणी हळू प्या!" मग भातावर जास्तीचं तूप.

एक गोष्ट मात्र मी बघितली, आणि बघितली नसती तर बरं झालं असतं. दुपारी, खडी पायाला चटका देईल अशा उन्हात, शेजारच्या विंगच्या एसीचं पाणी गच्चीच्या कोपऱ्यात ठिबकून थोडं साचतं, तिथे त्या दोघींतली एक गेली. प्यायली नाही. पाण्यात बसली. पोट बुडवलं, डावी-उजवीकडे हलवून पिसं चांगली भिजवली, मग धावत धावत अंड्यांपाशी आली आणि ओल्या पोटानं त्यांच्यावर बसली. थोड्या वेळानं दुसरी आली, पहिली उठली आणि पाण्याकडे गेली. आळीपाळीनं. अंडी उबवत नव्हत्या, निववत होत्या. उन्हात उघडी राहिली तर आतल्या आत शिजतील म्हणून. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि माझ्या हातात नानांचा टॉवेल होता. मी टॉवेल भिजवते, पिळते, पाठीवर ठेवते, पुन्हा भिजवते. आमच्यात आळीपाळी नाही एवढंच. मग दार करकरलं, ती उठली, ओरडत सुटली, आणि ती चार अंडी भर उन्हात तशीच उघडी पडली. मला कळलं की आत्ता मागे फिरायला हवं. मी लगेच फिरले नाही. थोडी उभी राहिले. तिनं आणखी थोडं ओरडावं म्हणून.

त्या दिवशी खाली आले तर नाना जागे होते. बातमी विचारली नाही. मी स्वतःहून सांगितलं, पोट भिजवून बसते म्हणून. त्यांनी ऐकलं. मग चांगला असलेला डावा हात उचलून मला जवळ बोलावलं. मी वाकले. "रश्मे," म्हणाले, "तुझी चप्पल जिन्यात वाजती. मग दार. मग ती वरडती."  पंखा फिरत होता. "रोज ऐकतो मी," ते म्हणाले. "आधी वाटलं, हिला पाखराचा लळा लागला." मग त्यांना दम लागला. मी पाणी पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही. "वर नको जाऊ आता. ऊन लई आहे. अंडी वाया जातील तिची." आणि मग, रागानं नाही, शप्पथ रागानं नाही, मला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचे आणि उशीर झाला की 'तू जा पुढं, बाईंना मी सांगतो' म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "माझं मी बघतो."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही. आलं असतं तर सोपं झालं असतं. कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, भात झाला, आणि मी तशीच. माझं मी बघतो म्हणजे काय? काय बघणार होते ते, एका हातानं, त्या पलंगावरून? त्यांना एक घोट पाणी माझ्याशिवाय घेता येत नाही, आणि मरायचं मात्र ते माझ्यावर टाकणार नव्हते. संध्याकाळी त्यांनी जेवण नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही दोन घासांवर तोंड मिटलं. मी चमचा धरून बसले. "नाना, असं करू नका," म्हणाले. "भूक नाही." "असं करू नका ना हो नाना." मग मी जे म्हणाले ते कसं म्हणाले मला माहीत नाही. "मी नाही जाणार वर. आईची शप्पथ नाही जाणार. तुम्ही खा." त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग तोंड उघडलं.

मी गेले नाही. टॉवेल खिडकीत वाळत घातला. वर शांतता. ती शांतता मला टोचायची, आणि नानांनाही, कारण ते मधूनच छताकडे बघायचे, गेल्या पावसाचा पिवळा डाग होता तिथे. बातमी विचारणं बंद झालं होतं. आम्ही दोघं त्या छताखाली, आणि छताच्या वर त्या दोघी, आणि मधे माझ्या सगळ्या त्या फेऱ्या. किती वेळ उघडी राहिली असतील ती अंडी, सगळा मिळून? याचा हिशेब करायला मी बसले नाही, मला जमलाच नसता. फक्त वाटायचं, निघू देत, चारही निघू देत, मी पुन्हा काही मागणार नाही. कोणाकडे मागत होते कोण जाणे. आमच्या घरात मागण्यासारखं कोणी ठेवलेलं नाही.

आणि एका सकाळी, नानांची पाठ पुसत असताना, ती ओरडली. मी खाली होते. टॉवेल माझ्या हातात होता. नानांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "तू हितं आहेस," म्हणाले. "मग वर कोण?" एवढ्यात कल्पिता दारातूनच ओरडली, "रश्मी, ये ये, वर ये! पिल्लं काढलीत तिनं!" मी नानांकडे बघितलं. "जा," म्हणाले. "मी सांगतोय ना, जा."

वर कल्पिता भिंतीशी अंग चोरून उभी होती, दोन्ही टिटव्या तिच्या डोक्यावर थैमान घालत होत्या आणि ती हात जोडून त्यांना म्हणत होती, "नाय गो बाय, नाय काय करीत, गप." आधी काहीच दिसलं नाही. मग खडी हलली. कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू, करडं, ठिपक्याठिपक्यांचं, मानेभोवती पांढरी पट्टी, आणि पाय आत्तापासूनच लांब. आईचा आवाज चढला तसं ते जागच्या जागी चपटं झालं आणि पुन्हा खडी झालं. दुसरं टाकीच्या सावलीत. "दोनच?" मी म्हणाले. "दोनच दिसतात," कल्पिता म्हणाली. "हितून खाली कशी उतरायची ही? मी पाटी आनते, फडक्याखाली घालून पत्र्यापलीकडं सोडू." ती गेली. एक टिटवी पिल्लांकडे धावली. दुसरी गप्पकन खाली उतरली, मान खाली घालून पळत खळग्यापाशी गेली आणि राहिलेल्या दोन अंड्यांवर जाऊन बसली. पोट ओलं होतं तिचं.

मी पुढे गेले. ती उठली, ओरडली, माझ्या केसांना वारा लागला इतक्या जवळून गेली. मी एक अंडं उचललं. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं, फक्त हे लपवायचं नाही एवढं कळत होतं. मुठीत घेऊन खाली आले. "दोन निघाली," मी म्हणाले. नानांनी विचारलं, "आन् दोन?" मी मूठ उघडली. त्यांच्या डाव्या तळव्यावर अंडं ठेवलं. त्यांनी बोटं मिटली, डोळे मिटले. आता बोलतील, आता बोला, मी मनात म्हणत होते, एकदा शिव्या द्या मला. ते म्हणाले, "गरम आहे."

"उन्हानं," मी म्हणाले.  "ते निघायचं नाही नाना. माझ्यामुळं. मीच..." "माहिती आहे," ते म्हणाले. अंड्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग हात माझ्याकडे केला. "ठेवून ये जागेवर. तिला बसायचं असेल तर बसू दे."

"ती ओरडेल," मी म्हणाले.

"वरडू दे की."

मी गेले. दार लोटलं, ती उठली आणि जीव तोडून ओरडायला लागली, सगळ्या नाहूरला ऐकू जाईल अशी. मी वाकून अंडं खळग्यात ठेवलं, निमुळतं टोक आत येईल असं फिरवून ठेवलं, आणि तशीच मागे वळले. जिन्यावरून उतरताना ते ओरडणं माझ्याबरोबर खाली येत होतं, आणि मी कधी नव्हे ती पळत सुटले. एक चप्पल वरच राहिली. दारात आले तर नाना भिंतीकडे तोंड करून तसेच, कुशीवर, उघड्या पाठीनं. पाठ अर्धीच पुसून झाली होती. हाक मारली नाही. मी त्यांच्या फासळ्यांकडे बघत उभी राहिले. वर ती ओरडतच होती. मग फासळ्या हलल्या. खाली गेल्या, आणि पुन्हा वर आल्या.

मला बरं वाटलं. मी टॉवेल पुन्हा भिजवला, पिळला, आणि राहिलेली पाठ पुसायला बसले.